ताकात विझवलेलं लोखंड

साचा बिघडलाय हे आधी कळलं. बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं.

शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीची दुपार होती. जेवणं झाली होती आणि निधी माझ्या मांडीवर पेंगत होती. इथे आखातात, बुदैयाला एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत आम्ही राहतो. मागच्या बाजूला भिंतीला लागून फरशीचा एक अरुंद पट्टा आहे, तिथे वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी ठिबकत असतं. त्या पट्ट्याच्या कोरड्या टोकाला कैलास शिसं वितळवत बसला होता.

कैलास, माझा नवरा, मूळचा देवगडचा. मीना सलमानच्या एका वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि सुट्टीच्या संध्याकाळी गळ घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसतो. गळाला शिशाचं वजन लागतं. ते विकतही मिळतं, पण इथल्या खडकांत दर वेळी दोन-चार अडकून जातात, आणि खरं सांगायचं तर त्याला ते घरी ओतायलाच आवडतं. त्याच्या गावचा सदानंद टायरच्या दुकानात आहे. चाकांच्या बॅलन्सिंगचे जुने शिशाचे तुकडे तो डब्यात भरून आणून देतो.

साचा मात्र ईसा टाउनच्या जुन्या बाजारातून आणलेला. लोखंडी, दोन लाकडी मुठींचा. मिटला की सांडशीसारखा दिसायचा, उघडला की आत दोन गोल खळगे. सदानंदने तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, अरे, हा तर बंदुकीच्या गोळ्या ओतायचा साचा, कुणा शिकाऱ्याकडचा असणार. दोघं खूप हसले. मला काही हसू आलं नव्हतं. असली वस्तू परक्या देशात घरात ठेवू नकोस, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. कैलास म्हणाला, "बंदुकीत गेली तर गोळी. गळाला बांधली की नुसतं शिसं." मग त्याने कानशीने साच्याच्या तोंडाशी बारीक खाच पाडली, तिथून तार आडवी घातली की ओतलेल्या गोळ्याला आपोआप भोक राहायचं. त्यातून दोरा ओवायचा.

त्याबाबतीत तो काळजी घेणारा होता, हे मला लिहिलंच पाहिजे. त्याची शेगडी वेगळी, डबा वेगळा, कपडे वेगळे. ओतायला बसला की मी निधीला आत घेऊन खिडक्या लावायच्या. तो हात धुऊन, कपडे बदलून मगच तिला उचलायचा. मुलाला शिशाचा धूर वाईट, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. साचा मागच्या दाराबाहेर उंच खिळ्याला टांगलेला असायचा. निधीचा हात तिथे पोचणं शक्यच नव्हतं.

त्या दुपारी गोळा सहज सुटावा म्हणून त्याने साचा निरांजनाच्या काजळीवर धरला, मुठी मिटल्या, शिसं ओतलं, उघडला. खाली पडलेल्या गोळ्याला चारी बाजूंनी पातळ पात फुटली होती, जशी मोदकाची कड नीट मिटली नाही की सारण बाहेर येतं तशी. त्याने पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. तेव्हा त्याने साचा मिटून डोळ्यांसमोर उजेडाला धरला. खिडकीच्या काचेतून मलाही दिसलं, साच्याच्या दोन भागांच्या मध्ये उजेडाची एक बारीक रेघ होती.

साचा वाकला होता. कैलास मेकॅनिक आहे. लाल तापलेलं लोखंड एकदम गार केलं की असं वाकतं, हे त्याला कुणी सांगायला नको.

"ह्येका पाण्यात कोणी घातल्यान?" त्याने ओरडून विचारलं.

माझ्या सासूबाई, काशीबाई, दारात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"पाण्यात नाय रे," त्या म्हणाल्या. "ताकात."

मला काही समजलंच नाही. कैलासला समजलं असावं, कारण त्याने हातातला डबा हळू, फार हळू खाली ठेवला.

निधीचं सांगायला हवं. ती दीड वर्षाची आहे. लस द्यायला नेलं तेव्हा तिचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाचे थेंब दिले. ते ती जिभेने बाहेर ढकलायची, मी पुन्हा चमच्याने आत घालायची, ती पुन्हा ढकलायची आणि मग माझ्याकडे बघून हसायची. तिच्या सगळ्या झबल्यांवर गंजाचे डाग आहेत. भिंतीचे पोपडे चाटायची. रक्त कमी असलं की मुलं असं करतात, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तिचे पाय पांढरेफटक पडले होते. आंघोळ घालताना मी तिचे तळवे दाबून बघायची, दाबलेली जागा परत गुलाबी होते का म्हणून.

दिवाळीनंतर सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. मी सकाळी एका नर्सरी शाळेत शिकवायला जाते, तेव्हापासून निधी सकाळभर त्यांच्याकडे. मी साताऱ्याची, म्हणून त्या मला लाडाने आणि थोड्या खोचकपणे घाटीण म्हणतात. घाटावरच्यांना मासा आणि मूल दोन्ही उलटं धरायची सवय, असं त्यांचं म्हणणं. नातीचं रक्त कमी आहे ऐकून त्या थेंबांच्या बाटलीकडे बघत म्हणाल्या होत्या, ह्या गंजाच्या पाण्याने काय होतंय. पुढे काही बोलल्या नाहीत. एकदा मी त्यांच्या बाळघुटीवरून हसले होते, त्यानंतर असल्या गोष्टी त्या मला सांगत नसत.

लोखंड लाल करायचं, ताकात विझवायचं, ते ताक पोराला पाजायचं. लोह ताकात उतरतं, रक्त वाढतं. हा उपाय आमच्या साताऱ्याकडेही मी ऐकलेला होता. चुकीचाही नसेल. पण त्याला घरात लोखंड लागतं. गावाकडे विळी असते, उलथणं असतं, चुलीचा चिमटा असतो. आमच्याकडे सगळं नॉनस्टिक आणि स्टील. त्यांनी घरभर शोधलं आणि मागच्या दाराबाहेर खिळ्याला त्यांना हवं तेच सापडलं, चांगलं जाड, जुनं लोखंड, वर लाकडी मुठी म्हणजे हातही भाजायला नको.

"लाल करून बुडवलंय," त्या कैलासला सांगत होत्या. "रोज. आवडीन पिता ती. रगत वाडता तेच्यान."

कैलासने विचारलं, आई, तो धुतलास का. हो, घासून धुतला होता. त्याने विचारलं, खळग्यात शिसं चिकटलेलं होतं ते दिसलं नाही का. दिसलं होतं.

"शिशान काय होता?" त्या म्हणाल्या. "तुझो बापूस जाळ्याचे शिशे दातान चावून बसवायचो. जन्मभर. कोण मेलो?"

 माझे सासरे, गणपत, गेले तेव्हा त्यांचे हात इतके कापायचे की जाळं सोडाच, चहाची बशीही धरता येत नव्हती. पोट धरून बसायचे. सगळे म्हणायचे, दारू. लसणाची पाकळी सासूबाईंच्या बोटांत तशीच राहिली, आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मी निधीला उठवलं. तिला उठवायची गरज नव्हती, पण मला तिचे डोळे उघडे हवे होते. गेल्या काही आठवड्यांत ती किरकिरी झाली होती, पोट साफ होत नव्हतं, भात तोंडात धरून बसायची. दात येतायत, असं मी सगळ्यांना सांगत होते. तिचं झबलं वर करून मी पोटावर हात ठेवला. पोट गरम होतं, घट्ट होतं. ती जागी होऊन माझ्या नाकाला हात लावून म्हणाली, "नोज." इंग्रजीत म्हणते ती, माझी नर्सरीतली गाणी ऐकून. एरवी मी तिला म्हणायला लावते, नाक म्हण, नाक. त्या दिवशी म्हटलं, हो गं, नोज.

"मी हा समुद्रात टाकून येतो," कैलास म्हणाला.

"काय टाकायचं ते नंतर टाक," मी म्हटलं. "आधी गाडी काढ."

सासूबाई न सांगता मागच्या सीटवर येऊन बसल्या. पायांत चपला नव्हत्या, त्या परत जाऊन घालून आल्या.

 हायवेला लागल्यावर कैलास आरशात न बघता, हळू आवाजात, मला समजावल्यासारखा बोलायला लागला. डॉक्टरला सांगू की भिंतीचा जुना रंग चाटते. खोटं कुठे आहे, चाटतेच की. जुन्या रंगात शिसं असतं, हे डॉक्टरला माहीत असतं. शिशाची तपासणी त्या करतीलच. साच्याचं नाव काढायचं नाही.

मी म्हटलं, साचा मासेमारीचा आहे म्हणून सांगू.

"आणि दाखव म्हणाले तर? तो कसला आहे हे कुणालाही कळतं, श्रेया. सदानंदला कळलं." त्याने गिअर बदलला. "परदेशी माणसाच्या घरात बंदुकीच्या गोळ्यांचा साचा. आणि खाली डबाभर ओतलेल्या गोळ्या. कोण ऐकून घेणार मासे नि बिसे? खलास. माझी नोकरी, आपला व्हिसा. आई व्हिजिटवर आलीय. तिलाच विचारतील ना, तू दिलंस म्हणून?"

मागे सासूबाईंनी निधीच्या पायातला मोजा वर ओढला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तो भित्रा नाही. वादळात बोटीवर जाऊन इंजिन सोडवून आलेला माणूस आहे. पण सीआयडी हा शब्द आमच्यातलं कुणीही इथे मोठ्याने उच्चारत नाही, आणि त्यानेही उच्चारला नाही. मला भीती वाटत होती, ती नुसती त्याची नव्हती. एका बाजूला माझं घर होतं आणि दुसऱ्या बाजूला मांडीवरचं हे घट्ट, गरम पोट, आणि मला दोन्हींची भीती एकाच वेळी वाटत होती. रंगाचंच सांगायचं हे मी कबूल केलं. हो म्हटलं त्याला. शिशाची तपासणी झाली की बस, असं मी स्वतःला सांगितलं.

आमच्या विम्यात बसणाऱ्या हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टर आहेत, नाझिश. कराचीच्या. निधीचं हिमोग्लोबिन त्याच बघतात. सुट्टीच्या दिवशी त्या होत्या, हे आमचं नशीब. त्यांनी निधीचा डोळा खाली ओढून बघितला, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं. निधी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तेच मला सहन होईना.

कैलास बोलला. भिंत चाटती है, डॉक्टर. पुराना पेंट है. किसी ने बोला उसमें सीसा होता है.

डॉक्टरांनी मान हलवली. हे त्यांना पटण्यासारखंच होतं. त्यांनी सांगितलं की शिशासाठी रक्त बाहेरच्या लॅबला पाठवावं लागतं, रिपोर्टला काही दिवस जातील. तोपर्यंत पोपडे झाकले जावेत म्हणून भिंतीला पलंग लावून ठेवा, हात धुवा, लोहाचे थेंब चालू ठेवा. मग त्यांनी विचारलं, बिल्डिंगमध्ये आणखी लहान मुलं आहेत का.

वर लाईबा आहे, निधीपेक्षा थोडी मोठी. जिन्यावर दोघी एकमेकींना हाका मारतात.

"उसकी अम्मी को भी बोलिए, टेस्ट करवाएँ," डॉक्टर म्हणाल्या. "और मकान मालिक को मैं लिखकर देती हूँ." त्यांनी पॅड पुढे ओढलं. "अभी आप लोग घर जाइए. घबराने की बात नहीं, रंग से बहुत धीरे-धीरे चढ़ता है."

कैलासच्या खांद्यांतला ताण गेलेला मला दिसला. तो उठायला लागला. घर जाइए. निधीला घरी न्यायचं, तिच्या पोटात जे आहे ते घेऊन, आणि काही दिवस वाट बघायची. आणि वरच्या मजल्यावरच्या त्या पोरीच्या दंडातून सुई घालून रक्त काढायचं, आमच्या भिंतीपायी, जिच्यात काहीच नाही.

"रंग नहीं है," मी म्हटलं.

कैलास तसाच अर्धवट उठलेला राहिला.

मी सांगितलं. माझं हिंदी धड नाही, घाईत आणखी मोडतं. लोहा गरम करके छाछ में बुझाते हैं, खून बढ़ने के लिए. वो जो लोहा था, उसमें सीसा पिघलाते थे. उसके अंदर लगा हुआ था. गरम किया तो पिघलके छाछ में गिरा होगा. रोज पिया इसने.

"छाछ? खट्टी?"

खट्टी.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी पॅड बाजूला सारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते बदलणं मी अजून विसरले नाही. त्याआधी मी नुसती घाबरले होते, त्यानंतर मला कळलं की घाबरायचं म्हणजे काय.

"वो लोहा क्या चीज़ था?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडलं, पण मला तो शब्द हिंदीत सुचेना, की सुचत होता आणि बाहेर येत नव्हता.

 कोपऱ्यातल्या स्टुलावर सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना हिंदी कळतं, बोलता येत नाही.

मग कैलास परत खुर्चीत बसला.

"साँचा है, डॉक्टर," तो म्हणाला. "बंदूक की गोली का. मैंने मछली के काँटे के लिए लिया था. पुराने बाज़ार से." त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, कुणी बघायला मागितल्यासारखे. "मेरा है. माँ को पता नहीं था वो क्या है."

डॉक्टरांनी फाईल पुढे ओढली. म्हणाल्या, मी बच्चीची डॉक्टर आहे. शिसं कुठून आलं ते मला फाईलमध्ये लिहावं लागेल, आणि ती फाईल पुढे कोण वाचेल ते मला माहीत नाही. "वो बाद में. पहले पेट देखते हैं, एक्स-रे में. अभी."

एक्स-रेच्या खोलीत निधीला मीच धरलं. जड एप्रन घातला होता मला. तिचे दोन्ही हात डोक्यावर धरून ठेवायचे होते, आणि तिला वाटलं आपण खेळतोय.

पडद्यावर तिचं पोट आलं. बरगड्या इतक्या बारीक, माशाच्या काट्यांसारख्या. आणि खाली, आतड्याच्या वळणांत, पांढरे ठिपके. मोहरी तडतडून ओट्यावर उडावी तसे विखुरलेले. डॉक्टरांनी बोट लावून दाखवायची गरज नव्हती. कैलास माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

हे वाईट आणि चांगलं दोन्ही आहे, डॉक्टर म्हणाल्या. रक्तात किती गेलंय ते रिपोर्ट आल्यावर कळेल, आणि कमी नसेल. पण एवढं अजून आत पडलेलं आहे, ते रक्तात जायच्या आधी बाहेर काढता येईल. घरी गेला असतात तर रोज थोडं थोडं विरघळत राहिलं असतं. औषध मिसळलेलं भरपूर पाणी पाजायचं, पोट धुऊन निघेपर्यंत. पीत नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल.

नर्सने वाटीत ते पाणी आणून दिलं. मी पाजायला गेले. निधीने ओठ मिटले. मी गाल दाबले, तिने घोट घेतला आणि माझ्या छातीवर थुंकला. मी गाणं म्हटलं, चमचा विमान केला, कैलासने मांजराचा आवाज काढला. ती मान फिरवत राहिली, मग रडायला लागली, आणि रडताना थोडं श्वासात गेलं, ठसका लागला. नर्स नळीचं पाकीट घेऊन दाराशी उभी होती. नळी पातळ होती, पण निधीच्या नाकाशेजारी ती फार मोठी दिसत होती.

मी बाहेर पाहिलं. सासूबाई कॉरिडॉरमध्ये खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, आत यायला त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं तरी.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही पाजा."

त्यांनी मान हलवली. "माझ्या हातातसून नको गे. माका सांगू नको."

"तुमच्याच हातून पिते ती."

मी हे बोलले आणि ते खरं आहे हे बोलल्यावर मला कळलं. सकाळभर त्यांच्याजवळ असायची, मला माहीत नसलेल्या किती गोष्टी ती त्यांच्या हातून करायची. मी वाटी त्यांच्या हातात दिली. माझ्या मुलीसाठी पुन्हा याच हातात वाटी देताना मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनाही वाटत होती. त्यांनी आधी स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाल्या, "खारट आसा." मग निधीला मांडीवर आडवं घेतलं, तिची हनुवटी बोटाने हलवली आणि काहीतरी पुटपुटल्या, दोघींमधलं काहीतरी, मला कळलं नाही. निधीने रडतारडता तोंड उघडलं.

ती प्यायली. एक घोट, मग थांबून आजीच्या तोंडाकडे बघणं, मग आणखी एक. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. प्रत्येक घोट खाली जाताना दिसत होता.

रिसेप्शनवरून एक माणूस दारात आला. कैलासचं नाव घेऊन म्हणाला, फाईलसाठी खाली यायचंय, रेसिडेंट आयडी घेऊन, कुणीतरी विचारतंय. कोण विचारतंय ते त्याला माहीत नव्हतं. सासूबाईंचा हात थांबला. कैलास माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर आम्ही घाबरलोय हे निधीला कळलं असतं.

"माझी मुलगी पितेय," कैलास मराठीतच म्हणाला, मग भान येऊन हिंदीत म्हणाला, "दो मिनिट. बच्ची पी ले, फिर आता हूँ."

तो माणूस दारातच थांबला. नर्सने विचारलं, झालं का.

"नाही," मी म्हटलं, आणि सासूबाईंच्या हाताखाली हात धरून वाटी पुन्हा निधीच्या ओठांशी नेली. "अजून आहे."